कानामागची टिकली

अन्वय शेडगेला इंटर्नशिप मिळाली नाही.

हे वाक्य चुकून आधी पडलं. कृपया ते वाचलंच नाही असं समजावं. आत्ता दिवाळीची सुट्टी नुकती लागली आहे, अन्वय पुण्याहून कराडला निघालेल्या बसमध्ये खिडकीशी बसला आहे आणि त्याला इंटर्नशिप मिळणार याबद्दल बसमध्ये कुणाच्याही मनात शंका नाही. कारण बसमध्ये कुणालाही हा विषय माहीत नाही.

अन्वयच्या उजव्या कानामागे, केसांच्या कडेला, मसुराएवढी एक टिकली चिकटवलेली होती. शेजारच्या आजोबांनी ती पाहिली, जरा निरखली आणि विचारलं, "ऐकू कमी येतं का?"

"नाही आजोबा. नोकरी शोधतोय."

"अस्सं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी उंब्रजपर्यंत डोळे मिटून घेतले.

त्या काळात नोकऱ्या शोधण्याची पद्धत बदलली होती, आणि ती बदलण्याला कारणही झालं होतं. पूर्वी उमेदवाराचा बायोडेटा यंत्र लिहायचं आणि कंपनीत तो वाचायचंही यंत्रच. दोन्ही यंत्रांचं फार छान जमायचं. पुढे माणूस प्रत्यक्ष कामावर हजर झाला की सगळ्यांनाच धक्का बसायचा, कधीकधी त्या माणसालासुद्धा. मुलाखती घेऊन पाहिल्या, तर उमेदवाराच्या कानात दुसरं यंत्र उत्तरं सांगत बसलेलं. शेवटी बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत कुणीतरी ही टिकली शोधून काढली.

शास्त्र तसं सोपं होतं. मेंदूतून निघून मानेतून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी एक लांबलचक नस असते. ती इतकी हिंडते की शास्त्रज्ञांनी तिचं नावच 'भटकी' ठेवलंय. तिची एक बारीक फांदी कानाजवळच्या कातडीत येते. माणूस काही बोलायच्या आधी त्याचा देह आपला कौल देऊन मोकळा झालेला असतो: हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित बदलतं, गळ्याचे स्नायू आवळतात किंवा सैलावतात. टिकली हा कौल टिपायची, मग जीभ काय बोलली ते ऐकायची आणि दोन्हींचा मेळ किती बसला ते शंभरपैकी सांगायची. हे खोटं पकडायचं यंत्र नाही, असं बनवणारे आवर्जून सांगत. ते फक्त तफावत मोजतं. छोट्या तफावतीला थोडे गुण जात. जाणूनबुजून केलेली एक मोठी तफावत मात्र सगळ्यालाच पुरे होई.

आणि मेळ मोजायचा तो फक्त सुट्टीत. कॉलेजात माणूस स्वतःवर पहारा ठेवून असतो. घरी गेला, पायजमा चढवला, की पहारा उठतो. त्यामुळे कंपन्या आता सुट्टीभराचा मेळ मागू लागल्या होत्या, आणि 'सुट्टी' या शब्दाचा अर्थ हळूहळू 'परीक्षा' असा होत चालला होता. मधेच टिकली काढली तर अर्ज बाद. बोललेले शब्द टिकलीतच राहतात, कंपनीला नुसता आकडा जातो, असं करारात लिहिलं होतं. करार कुणी वाचला नव्हता.

अन्वयला हवी होती ती जागा 'जलरेखा' नावाच्या संस्थेत होती. ही संस्था नद्यांच्या पुराचा अंदाज सांगायची. जागा एकच, मेळ नव्वदच्या वर हवा. त्यांचीही बाजू होतीच. मागे त्यांच्याच एका अभियंत्यानं, साहेबांना वाईट वाटू नये म्हणून, पाण्याची पातळी हातभर कमी सांगितली होती. साहेबांना वाईट वाटलं नाही. साहेबांची गाडी वाहून गेली.

अन्वयला ती जागा मनापासून हवी होती. तो शाळेत असताना कृष्णा-कोयनेचं पाणी बाबांच्या चष्म्याच्या दुकानात शिरलं होतं. इशारा आला तोवर बाबा स्टुलावर चढले होते आणि खाली, गढूळ पाण्यावर, शेकडो फ्रेमा तरंगत होत्या. जणू काही अदृश्य माणसांची एक मोठी सहल पोहायला उतरली होती. तेव्हापासून त्याला एवढंच वाटे, की पाणी येतंय हे कुणीतरी वेळेवर आणि खरं सांगायला पाहिजे.

घरी पोचल्यावर आईनं, म्हणजे स्वप्नालीनं, आधी त्याच्या गालावरून हात फिरवला, मग कानामागे पाहिलं.

"हे काय लावलंयस? दुखतं का?"

"नाही गं. सुट्टीभर मी बोलतो ते आणि मला वाटतं ते एकच असायला पाहिजे. बस, एवढंच."

"एवढंच?" बाबा हादरून म्हणाले. "अरे, दिवाळीत?"

आईचा डबे पुरवण्याचा व्यवसाय होता. गावातल्या मुलींच्या एका वसतिगृहाला ती रोज जेवण द्यायची, आणि तिच्या हाताला चव आहे असं कराडात बोललं जायचं. तिघं जेवायला बसली. अन्वयनं आमटीचा भुरका मारला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा मात्र समाधी लागल्यासारखे जेवत होते.

"कशी झालीय?" आईनं विचारलं.

"छान," बाबा म्हणाले.

"तुला रे?"

सुट्टीचा पहिलाच दिवस. अन्वयनं घास गिळला. "खारट झालीय, आई. समुद्रासारखी."

बाबांचा चमचा ताटात पडला. या घरात आमटीला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. आई चिडेल असं वाटलं. पण ती त्याच्याकडे भलत्याच उत्सुकतेनं बघत राहिली.

"आणि भाजी?"

"भाजीत अजिबात नाही."

"बरं," ती हळूच म्हणाली आणि ताटं आवरायला लागली.

अन्वय तिच्यामागं स्वयंपाकघरात गेला. ती ओट्याला टेकून उभी होती.

"मला कळत नाहीये रे," ती म्हणाली. "श्रावणात ताप आला होता ना, तेव्हापासून. वास नाही, चव नाही, काही नाही. डॉक्टर म्हणतात, येईल परत, नाहीतर नाही येणार. मी आपली हाताच्या अंदाजानं करतेय. तुझ्या बाबांना रोज विचारते, कसं झालंय. ते म्हणतात छान. मला वाटलं, हात अजून ठीक आहे म्हणजे."

"बाबांना सांगितलं नाहीस?"

"मी विचारत तर होते रोज!"

अन्वय बाहेर आला. बाबा अंगणात हात धूत होते.

"बाबा, तीन महिने तुम्ही हे जेवताय?"

"मग काय करू?" बाबा कुजबुजले. "मला वाटलं, तुझी आई माझ्यावर कशावरून तरी चिडलीय आणि मिठातून बोलतेय. मी म्हटलं, आपण गप्प खावं, राग ओसरेल. मधे एकदा भाजी अळणी आली, तर मला वाटलं, माफ केलं."

प्रशांत शेडगे हा दिवसभर गिऱ्हाइकांना "आता स्पष्ट दिसतंय का? आणि आता?" असं विचारणारा माणूस. घरी आला की तो प्रश्न दुकानातच ठेवून यायचा.

दुसऱ्या दिवसापासून फराळाला सुरुवात झाली, आणि अन्वय आईची जीभ झाला. नाकही तोच. चकलीच्या भाजणीसाठी आई डाळी भाजत होती.

"वास कसा येतोय?"

"चांगला येतोय."

"चांगला म्हणजे काय? बापासारखं बोलू नकोस."

अन्वयनं कढईवर नाक नेलं. "मघाशी गोणपाटासारखा होता. आता शेंगांच्या टरफलासारखा येतोय."

"मग अजून थोडं. भाजलेल्या शेंगदाण्यावर आला की सांग."

चिवड्यात मीठ किती कमी, चिमूटभर म्हणजे कुणाची चिमूट, शेवेचं तिखट जिभेच्या टोकाला लागतं की घशात, असे प्रश्न ती एकामागून एक टाकायची. अन्वय पाण्याची पातळी वाचावी तसा मिठाची पातळी वाचू लागला. वाढवून नाही, कमी करून नाही. चार दिवसांत आईचा हात ठिकाणावर आला. वसतिगृहातल्या ज्या मुलींनी डबा बंद केला होता, त्यांनी दिवाळीनंतर परत सुरू करायचं कळवलं. आई चकली तळताना गुणगुणू लागली. ती बेसूर गायची, तेही अन्वयनं विचारल्यावर खरं सांगितलं. त्याबद्दल मात्र त्याला झारा दाखवण्यात आला.

घरात सगळं ठीक चाललं होतं. घात झाला तो गल्लीत.

रोज संध्याकाळी टिकलीतला आवाज त्याला दिवसाचा हिशोब सांगायचा. आवाज अतिशय सभ्य होता, जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसासारखा.

"नमस्कार. आज लाटकर काकूंकडे आपण चहास तीन वेळा नकार दिलात आणि चौथ्या वेळी दोन कप प्यायलात. पहिल्या नकाराच्या वेळीच आपला देह कपबशीच्या आवाजाकडे वळलेला होता. हा काय प्रकार आहे?"

"आग्रह म्हणतात त्याला," अन्वय म्हणाला. "लगेच हो म्हटलं तर बरं दिसत नाही."

"कोणाला?"

अन्वयनं कानामागे खाजवलं.

"तसेच आपण वाटेत सात जणांना 'घरी या एकदा' असे सांगितलेत. आपला देह एकाही निमंत्रणाशी सहमत नव्हता. 'निघतो आता' म्हटल्यावर आपण बराच वेळ दारात उभे राहून गटाराच्या कामाविषयी बोललात. मेळ: एक्क्याऐंशी. शुभ संध्या."

एक्क्याऐंशी म्हणजे जागा गेलीच. अन्वयनं कंबर कसली. दुसऱ्या दिवशी लाटकर काकूंनी "लाडू घे ना रे," म्हणत ताटली पुढे केली आणि अन्वय म्हणाला, "द्या."

काकूंचा हात हवेतच थांबला. पुढच्या आग्रहांची त्यांनी तयारी केली होती. 'एकच घे', 'माझ्यासाठी घे', 'आता मोठा झालास म्हणून नको का'. सगळे आग्रह तोंडातल्या तोंडात राहिले. आग्रहाची मोटार सुरू व्हायच्या आत प्रवासी मुक्कामाला पोचला होता.

"अजून एक देऊ?" त्यांनी चाचरत विचारलं.

"नको," अन्वय म्हणाला. आणि त्याला खरंच नको होता.

काकूंनी आणखी दोनदा आग्रह केला, पण तो नाहीच म्हणाला. 'नको' म्हणजे नको, हा प्रकार गल्लीत प्रथमच घडत होता. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की शेडग्यांच्या पोराची पुण्यात उपासमार होते, पहिल्याच शब्दाला लाडू उचलतो. आणि तितक्याच खात्रीनं दुसरी बातमी, की त्याला मधुमेह झालाय, दुसरा घेत नाही. काही घरांतून सहानुभूतीचे डबे आले, काहींतून कारल्याचा रस. पण मेळ चढत गेला. पाडव्याला आवाज म्हणाला, "मेळ: त्र्याण्णव. आपले अभिनंदन. आपला देहही आनंदी आहे असे दिसते."

गल्लीलाही तोवर सवय झाली होती. इतकी, की लोक त्याच्याकडे खरं ऐकायला येऊ लागले. कुणाच्या पोटाचा घेर दिसतो का, कुणाची कविता बरी आहे का. "अन्वयला विचारा, तो सुट्टीत खोटं बोलूच शकत नाही," हे कराडच्या त्या भागात दाखल्यासारखं चालायला लागलं.

भाऊबीजेला सुजाता आत्या आली. आत्या बाबांची थोरली बहीण आणि आईचे डबे जिथं जायचे त्या वसतिगृहाची व्यवस्थापक. मनानं चांगली, आवाजानं मोठी. ओवाळणं झालं, ताटं वाढली, आत्यानं चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "स्वप्नाली, एक विचारू? राग मानू नकोस."

राग मानू नकोस म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी जेवण थांबवलं.

"परवा तू माझ्याकडे आलीस, तेव्हा दूध करपलं होतं. आख्खं घर नाक दाबून हिंडत होतं. आणि तू त्याच दुधाचा चहा पिऊन म्हणालीस, छान झालाय. मुलीही म्हणत होत्या, मधे डबा खारट यायचा. तुला वास, चव कळेनाशी झालीय का गं?"

आईनं वाटीकडे पाहिलं. नुसतंच.

"हे बघ, तसं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मला वसतिगृहाच्या समितीला उत्तर द्यायला लागतं. ज्या बाईला चव कळत नाही तिच्याकडून डबे कसे घेता, असं विचारलं, तर मी काय सांगू? पुढच्या सत्राचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

"छे छे, ताई," बाबा म्हणाले, "सगळं छान..."

"तू बोलू नकोस. तुला भिंत वाढली तरी छान म्हणशील." आत्या अन्वयकडे वळली. "ह्याला विचारते. ह्याच्या कानामागे ते आहे ना? ह्याला खोटं बोलता येत नाही. सांग रे बाळा. तुझ्या आईला चव कळते की नाही?"

अन्वयच्या तोंडात घास होता, तो त्यानं सावकाश चावला. गप्प बसावं, असं एकदा मनात आलं. पण आत्यासमोर गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच. त्याला पाण्यावर तरंगणाऱ्या फ्रेमा दिसल्या. जलरेखाची पुण्यातली ती खोली दिसली, जिथं भिंतभर नद्या हलत असतात आणि त्यांच्यासमोर एक खुर्ची रिकामी असते. मग त्याला आईचा हात दिसला. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती, आणि ही बाई कधी चाळा करत नसे. तिच्या हातांना नेहमी काही ना काही काम असे.

हे तिचं होतं. सांगायचं की नाही, कधी, कुणाला, ते तिनं ठरवायचं होतं. जेवणाच्या ताटावर, पोराच्या कानातून ते बाहेर पडणं बरोबर नव्हतं.

"कळते की," अन्वय म्हणाला. "हे सगळं तिनंच चाखून केलंय. मी नुसते डबे उचलतो."

कानामागे टिकली गरम झाली आणि थरथरली. एखादी मुंगी चटका बसून पळावी तशी.

"मग प्रश्नच मिटला," आत्या म्हणाली आणि तिनं चकली संपवली. "समितीलाही हेच सांगते. म्हणते, माझ्या भाच्यानं सांगितलंय आणि त्याच्या कानाला यंत्र आहे." तिनं आणखी दोन चकल्या घेतल्या. "छान झाल्यात गं. खरंच छान." आणि त्या खरंच छान झाल्या होत्या.

ती गेल्यावर आवाज आला. या वेळी संध्याकाळची वाट पाहिली गेली नाही.

"नमस्कार. एक मोठी तफावत नोंदली आहे. ती जाणूनबुजून केलेली आहे, याविषयी आपला देह ठाम आहे. आपली सुट्टी येथे संपली. जलरेखा परिवारातर्फे भाऊबीजेच्या शुभेच्छा."

अन्वयनं टिकली सोलून काढली. कानामागे एक पांढुरका गोल राहिला.

"जागा गेली?" दारातून आईनं विचारलं.

"गेली."

आईनं त्याच्या डोक्यात एक टपली मारली, आणि हात तसाच केसांत ठेवला. "मूर्ख आहेस. सांगून टाकायचं होतंस. मी अजून उभी आहे, दुसरं काहीतरी केलं असतं. आत्ता जाते आणि ताईंना सांगून येते."

"मग माझं खोटं फुकट जाईल," अन्वय म्हणाला. "एवढं महागाचं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही. जरा वापरू तरी."

आई हसली, मग तिचे ओठ वाकडे झाले, मग ती पुन्हा हसली. "आणि तू गेल्यावर? मला कोण सांगणार?"

बाबा मघापासून स्वयंपाकघरात एकटेच होते. रात्रीसाठीची आमटी आईनं ओवाळणीच्या गडबडीत कुणाला न विचारता करून ठेवली होती. बाबांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, पुन्हा लावली. चष्मा काढून पुसला. मग पुरात उडी मारायच्या आधी माणूस दीर्घ श्वास घेतो तसा घेतला.

"स्वप्नाली," ते म्हणाले, "आमटी खारट आहे."

आई स्वयंपाकघरात आली.

"किती?" आईनं विचारलं.

"बऱ्यापैकी. म्हणजे... नुसतं पाणी घालून भागणार नाही. बटाटा टाकावा लागेल."

आई त्यांच्यासमोर पाटावर बसली. "आणखी?"

"परवाचं वरण चांगलं होतं. बुधवारची भाजी कडू होती."

"बुधवारची आज सांगताय?"

"आज जमतंय म्हणून सांगतोय," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण ते थांबेनात. "आणि आपल्या लग्नानंतरची ती पहिली पुरणपोळी..."

"पुरे!" आई म्हणाली. "एका दिवसाला एवढं बास." पण तिनं डोळे पुसले आणि बटाटा सोलायला घेतला. दुकान उघडायच्या आधी बाबांनी रोज सकाळी डबे चाखून जायचं आणि जे असेल ते सांगायचं, असं त्याच संध्याकाळी ठरलं. 'छान' या शब्दावर घरात बंदी आली. पहिल्या सकाळी बाबा बराच वेळ आठवून आठवून शेवटी म्हणाले, "आता स्पष्ट लागतंय." ते मंजूर झालं.

वसतिगृहाचं काम आईकडेच राहिलं. अन्वयच्या मित्रांपैकी बरेच जण सुट्टीभर कुणाशीच न बोलता खोलीत बसून राहिले. त्यांचा मेळ सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव आला. जलरेखातली खुर्ची त्यांच्यापैकीच एकाला मिळाली. तो हुशार होता. पाणी चढतंय हे तो बरोबर सांगेल, यात अन्वयला शंका नव्हती.

निकालाबद्दल हरकत असल्यास उमेदवार विनंती करू शकतो, असं करारात होतं. अन्वयनं या वेळी करार वाचला आणि पुण्याला परतताना बसमध्ये खालील अर्ज पाठवला.

प्रति,
मा. मेळ अधिकारी,
जलरेखा पूर-अंदाज केंद्र, पुणे.

विषय: एक वाक्य बोलण्यास आगाऊ मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, भाऊबीजेच्या दिवशी माझ्या हातून घडलेली तफावत मला मान्य असून तिच्याबद्दल माझी काहीही हरकत नाही. आपले यंत्र अचूक आहे. सदर वाक्य कोणते होते, हे कौटुंबिक कारणास्तव कळवता येत नाही. तथापि तेच वाक्य मला पुढील सुट्टीत, उन्हाळी सुट्टीत, तसेच संबंधित व्यक्ती स्वतः सांगायचे ठरवीपर्यंत गरजेनुसार पुनःपुन्हा बोलावे लागणार आहे. तरी सदर वाक्यास आगाऊ मंजुरी देऊन ते 'मेळ' या सदरात धरण्यात यावे, आणि ते बोलताना माझा आवाज किंचित कापतो, त्यावर आपल्या विभागाकडे काही उपाय उपलब्ध असल्यास तो तातडीने पुरवण्यात यावा, ही नम्र विनंती.